नोव्हेंबरातलं झाड

न्यू रॉस, रविवार, २ नोव्हेंबर

वेंडेल,

हे वाचतो आहेस म्हणजे पाकीट फोडलंस. अर्धी लढाई मी जिंकले. फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस, म्हणून ही पोस्टाची उठाठेव. गैरसमज नको, समेट करायला लिहीत नाहीये. एवढंच विचारायचं आहे की झाडाची बैठक कुठे आहे?

तीच, तोडलेल्या झाडाचा बुंधा अडकवून उभा करायची, बाबांनी ट्रकच्या जुन्या चाकाची केलेली, तीन स्क्रूंची, हिरवी. आईच्या दफनाच्या दुसऱ्या दिवशी तू नाताळचं झाड काचेच्या गोळ्यांसकट उचलून बाहेर नेलंस आणि तिसऱ्या दिवशी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, अल्बर्टाला परत गेलास. त्यानंतर ती बैठक कोणी पाहिली नाही. लागलीही नाही म्हणा, कारण गेली सात वर्षं या घरात झाड आलंच नाही. ज्या माणसानं चाळीस वर्षं बॉस्टनच्या घराघरांत झाडं पाठवली, त्याच्याच घरचा कोपरा रिकामा. गावाचं त्यावर बोलून झालंय, आता कोणी बोलतही नाही.

यंदा बाबांना झाड हवंय. गुरुवारी बटाटे सोलता सोलता म्हणाले, "लिओना, यंदा झाड आणू या." मी म्हटलं, "हार्लनकडून मागवू का एक?" आपलं झाडांचं रान आता शेजारचा हार्लनच बघतो, तुला माहीत असेल किंवा नसेल. तर म्हणाले, "मागवायला मी काय शहरातला आहे? जाऊन निवडू."

म्हणून बैठक हवी आहे. कोठार पालथं घातलं, तळघर पाहिलं, माळ्यावर चढले. एकसष्टाव्या वर्षी माळ्यावर चढणं काय असतं ते तुला अजून दोन वर्षांनी कळेल. माळ्यावर आईचा आंबवलेल्या कोबीचा मातीचा मोठा बुधला सापडला, बैठक नाही.

बाबा ठीक आहेत. चौऱ्याऐंशीचा माणूस जितका ठीक असतो तितके. उद्या सकाळी साडेसहाला शाळेची बस काढायची आहे, म्हणून आवरते. दोन ओळी लिही. दोनच.

लिओना

*

रविवार, ९ नोव्हेंबर

वेंडेल,

माझं पत्र अजून तुझ्यापर्यंत पोचलंही नसेल, हे मला कळतं. तरी चार दिवस रोज पत्रपेटी उघडून बघतेय. बसमधून उतरले की आधी पेटी, मग घर. आज रविवार, आज टपाल येत नाही, तरी उघडली.

आज रानात गेलो. हार्लनची माणसं बॉस्टनच्या खेपेची झाडं तोडतायत, जाळीत गुंडाळून ट्रकवर रचतायत, चिकानं हात काळे, डोंगरउतारावर नुसता गलका. बाबांनी खिडकी खाली करून डिंकाचा वास छातीत भरून घेतला आणि खोकत बसले. मग खाली उतरले. काठी मी दिली, ती त्यांनी ट्रकमध्येच ठेवली.

पहिलंच झाड सुरेख होतं. सात फूट, चारी बाजूंनी भरलेलं, शेंडा सरळ. मी हात लावला, म्हटलं, "हो." आपला नियम आहे तो आहे, दोघंच असलो म्हणून काय झालं? प्रत्येकानं झाडाला हात लावायचा, हो म्हणायचं. एकानं जरी नाही म्हटलं की पुढे चालायचं. बाबांनी हातमोजा काढून फांदी चाचपली आणि म्हणाले, "नाही."

मला वाटलं चुकून म्हणाले. वेंडेल, या माणसानं जन्मात झाडाला नाही म्हटलेलं नाही! नाही म्हणायचं खातं आईचं. "पाठीत वाकलंय." "याला उजवीकडे टक्कल आहे, तुझ्या मामासारखं." "हे छान आहे, पण हे स्वतःलाच फार छान समजतं." बर्फात दोन-दोन तास ती आपल्याला फिरवायची आणि बाबा करवत खांद्यावर घेऊन मागून यायचे, "वेल्मा, झाड आहे ते, जावई नाही." आणि तुझं ते बारा फुटी झाड आठवतं? दहा वर्षांचा होतास. मोकळ्यावर झाड नेहमीच लहान दिसतं हे तुला कितीदा सांगितलं, पण ऐकेल तो वेंडेल कसला! तू हट्ट धरलास आणि नेमक्या त्याच वर्षी आई हो म्हणाली. घरात आणल्यावर छताला दुमडून उभं राहिलं. शेंडा कापून तिनं तो तुझ्या खोलीत बाटलीत लावला.

तर आज बाबा पाच झाडांना नाही म्हणाले. कारण विचारलं तर म्हणे, "आवडलं नाही." पाचवं होईपर्यंत त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले, म्हणून मी त्यांना गाडीत घालून घरी आणलं. येताना त्यांनी काकवीचा पाव खाल्ला, तोही अर्धाच.

एक गोष्ट लिहून टाकते, मनात राहायला नको. गावात मला अजून विचारतात, तुझा भाऊ का येत नाही? मी सांगते, झाडावरून रागावला. लोक हसतात. चक्क झाडावरून! माणसं जमिनीवरून भांडतात, बायकोवरून भांडतात. हसले की मला बरं वाटतं.

आता बरं वाटत नाहीये. का ते माहीत नाही. खिडकीपाशी तीनदा जाऊन आले.

लिओना

*

गुरुवार, २० नोव्हेंबर

वेंडेल,

तुझं कार्ड काल आलं. सात वर्षांत दोन ओळी. "बैठक विहिरीमागच्या झुडपात. नोव्हेंबरात कशाला?"

पहिल्या ओळीबद्दल आभार. गंजली आहे, एक स्क्रू फिरत नाही, पण मोडलेली नाही. काटेरी झुडपातून काढताना कोटाची बाही फाटली, त्याचं पाप तुझ्या माथी.

दुसऱ्या ओळीनं मला कालपासून खाल्लंय. आज बस चालवताना कॉर्नर्स वस्तीकडचं वळण चुकले आणि मागे बसलेली पोरं आनंदानं ओरडली. मला वाटलं होतं मी काहीच लिहिलेलं नाही. बैठक विचारली, बाबा ठीक म्हटलं, झालं. पण तारीख घातलीच होती ना वर. झाडवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला तारीख पुरे. विकायची झाडं नोव्हेंबरात, घरचं डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी. दोन-तीन कडक थंड्या अंगावर घेतल्याशिवाय झाड आपली पानं, त्या सुया, घट्ट धरत नाही, हे बाबांनी आपल्याला मुळाक्षरांच्या आधी शिकवलंय. मग ऑरिन हिल्ट्झला, आपल्या बाबांना, घरचं झाड नोव्हेंबरात का हवंय?

ऐक तर. बाबांचं हृदय थकलंय. पायांवर सूज आहे, रात्री आडवं झोपता येत नाही, आरामखुर्चीत बसून झोपतात. केंटव्हिलच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं की नाताळ गाठतील की नाही सांगता येत नाही. मी विचारलं, "म्हणजे किती?" ती म्हणाली, "ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवा." ही गोष्ट ऑक्टोबरच्या अठ्ठावीस तारखेची.

गाडीत बसल्याबरोबर बाबा म्हणाले, "वेंडेलला कळवायचं नाही."

मी म्हटलं, "का?"

"त्याला त्याचं काम आहे. उगाच घाबरवू नकोस. वचन दे."

मी वचन दिलं. आज मोडलं. आता तू ठरव काय करायचं ते. मी ये म्हणत नाही. ये म्हणायचा हक्क मला नाही, हे तुझ्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे.

रविवारी पुन्हा गेलो होतो, या वेळी सहा झाडांना नाही. हे काय चाललंय त्यांचं? उभं राहवत नाही, फांदी धरून श्वास घेतात, आणि तोंडानं नाही, नाही. मी शेवटी ओरडले, "झाड हवंय की नकोय तुम्हाला?" हार्लनच्या माणसांनी करवती थांबवून बघितलं. बाबा शांतपणे म्हणाले, "पुढचं बघू." मला रानात बसून रडावंसं वाटलं, पण तिथे बसायला बर्फाशिवाय काही नव्हतं.

लिओना

*

मंगळवार, २५ नोव्हेंबर

वेंडेल,

आज बसला सुट्टी टाकली. डोकं दुखतं म्हणून सांगितलं. डोकं दुखत नाहीये. तारीख बघ वर. आई गेली त्या वर्षी आपलं झाड याच तारखेला तुटलं.

हे पत्र मी सकाळपासून चारदा सुरू केलं. आधी भांडी घासली, मग बैठकीचा गंज खरवडला, मग बाबांना औषध दिलं, मग परत भांडी घासली. आता बसले आहे.

तू सतरा डिसेंबरला आलास. आई सोळाला गेली होती. तू थेट दिवाणखान्यात आलास, कोट अंगावर, बूट पायात, खाली पाणी गळत होतं. मला वाटलं माझ्या गळ्यात पडशील. तू झाडाकडे गेलास. फांदी मुठीत धरून हात टोकाकडे ओढलास, बाबा झाडाचा ताजेपणा बघायला ओढतात तसा, आणि मूठ उघडलीस. मूठभर सुया. तू विचारलंस, "हे कधी तोडलंत?" मी म्हटलं, "परवाच्या रविवारी." तू हसलास. म्हणालास, "लिओना, मला फसव, झाडाला फसवू नकोस. हे महिन्याचं झाड आहे. तुम्हाला माहीत होतं ती टिकणार नाही. माहीत होतं म्हणून लवकर तोडलंत. आणि मला सांगत होतीस, वीसला ये, घाई नाही."

सगळं खरं होतं. मग मी म्हटलं, आईनंच सांगू नको म्हटलं होतं.

हे खोटं होतं.

लिहिलं एकदाचं. अक्षर वाच कसंही.

त्या पंचवीस तारखेला आम्ही तिला रजयांत गुंडाळून ट्रकमध्ये घातलं. बाबा आणि मी. तिनंच सांगितलं होतं, आजच जायचं. मला वाटलं तास-दोन तास फिरवेल, मी मध घातलेला चहा घेतला होता मोठ्या थर्मासमध्ये. रस्त्याकडेचं पहिलंच झाड. साधं, मध्ये विरळ, तिनं एरवी ज्याच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं असं. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला, बोटं लावली आणि म्हणाली, "हो. हेच." तेव्हा मला कळलं की ती जाणार. डॉक्टरांनी सांगून कळलं नव्हतं, ते तेव्हा कळलं. बाबांनाही. ते झाडामागे गेले आणि बराच वेळ करवतीचा आवाज आला नाही.

परत येताना ती म्हणाली, "लिओना, वेंडेलला फोन कर. म्हणावं झाड आणलंय. त्याला कळेल."

कळलंच असतं. त्या एका वाक्यावर तू पहिलं विमान पकडलं असतंस. मी म्हटलं, "करते." आणि केला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. रविवारी तुझा फोन आला तेव्हा ती झोपली होती, आणि मी म्हटलं, बरी आहे, ठरल्याप्रमाणे वीसला ये. तिनं विचारलं, "कळवलंस?" मी म्हटलं, "हो, येतोय."

कारण विचारशील. चांगलं कारण नाहीच. पाच वर्षं तिला उठवणं, बसवणं, न्हाणं, रात्रीचं जागणं मी केलं. तू वर्षातून आठ दिवस यायचास आणि ती केस विंचरून, लिपस्टिक लावून दारात खुर्ची टाकून बसायची. माझ्यासाठी कधी लावली नाही. लावायचं कारणही नव्हतं, मी तर घरातच होते. मला ते शेवटचे थोडे दिवस माझे हवे होते. बस्स. हावरेपणा म्हण, मत्सर म्हण, मी दोन्ही म्हणून पाहिलंय. मला वाटलं वीस तारीख गाठेल ती. तिनं गाठली नाही.

पंधराच्या रात्री तिनं लिपस्टिक मागितली. मी लावून दिली.

हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं. सात वर्षं माणसांना सांगत राहिले, भाऊ झाडावरून रागावला.

लिओना

*

रविवार, ३० नोव्हेंबर

वेंडेल,

पंचवीसचं पत्र टाकलं आणि लगेच वाटलं पेटीत हात घालून परत काढावं. पेटीत माझा हात जात नाही, घालून पाहिला.

आज रानात गर्दी नव्हती. बॉस्टनची खेप गेली, उतारावर नुसते बुंधे आणि मधे मधे राहिलेली झाडं. बाबांना बर्फावरच्या घसरगाडीवर बसवून ओढत नेलं. आधी चिडले, "मी काय झाड आहे?" मग बसले. पहिलं नाही. दुसरं नाही. तिसऱ्यापाशी मी दोरी टाकली आणि समोर उभी राहिले.

"बाबा, खरं सांगा. या झाडात काय वाईट आहे?"

"काही नाही. चांगलं आहे."

"मागचं?"

"तेही चांगलं होतं. सगळीच चांगली आहेत गं, मी लावलीत."

"मग नाही का म्हणता?"

त्यांनी नाक पुसलं. म्हणाले, "झाडं पुरी आहेत. हो म्हणणारी माणसं पुरी नाहीत. एक कमी आहे. माझा हो आला की तू तोडशील, मग तो आल्यावर काय बघणार?"

मी म्हटलं, "पण तुम्हीच म्हणालात त्याला कळवू नकोस! वचन घेतलंत माझ्याकडून!"

तेव्हा ते हसले, वेंडेल. खोकले आणि हसले. म्हणाले, "वेल्मानं तुला कळव म्हणून सांगितलं, ते तू कळवलं नाहीस. म्हटलं, या वेळी उलटं सांगून बघू."

मी घसरगाडीवर त्यांच्या शेजारी बसले. त्यांना माहीत होतं. त्या दिवशी ट्रक तेच चालवत होते, त्यांनी आईचं बोलणं ऐकलं होतं, माझं "करते"ही ऐकलं होतं. सात वर्षं माझ्या हातचं जेवले आणि एक शब्द बोलले नाहीत. मी विचारलं, "मला कधी काही म्हणाला का नाहीत?" ते म्हणाले, "एक पोर गेलंच होतं. दुसरं कशाला घालवू?"

मग मी सांगितलं की मी कळवलंय. सगळं. त्यांनी मान हलवली, फक्त विचारलं, "टपालाला हल्ली किती दिवस लागतात?"

तेच मीही मोजतेय. आज त्यांचे ओठ मागच्या वेळेपेक्षा जास्त निळे होते. ते तुझ्यासाठी थांबलेत, आणि थांबायला त्यांच्याकडे फार नाही. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर मी तेवढे दिवस हार्लनच्या घरी राहीन. मी घरात असणं हे तुझं न येण्याचं कारण होऊ देऊ नकोस.

ये. हक्क नाही तरी म्हणते.

लिओना

*

शनिवार, ६ डिसेंबर
(दाराला चिकटवलेली चिठ्ठी)

वेंडेल,

किल्ली नेहमीच्या जागी आहे, पायरीखालच्या डब्यात. पण आत जाऊ नकोस, सरळ रानात ये.

फोनवर ठेवलेला तुझा निरोप मी बुधवारपासून अकरा वेळा ऐकला. "शनिवारी दुपारी पोचतो. बाबांसाठी येतोय." एवढंच. दुसरं वाक्य मला कळलं. पुरेसं आहे.

तीस तारखेचं माझं पत्र तू निघाल्यावर तिकडे पोचेल, त्याची काळजी करू नकोस. त्यात जे आहे ते बाबा स्वतःच सांगतील, त्यांना सांगायची फार हौस आली आहे. तू येतोस कळल्यापासून दोन वेळ जेवतात. काल दाढी केली आणि मला म्हणाले, "लिपस्टिक तेवढी राहिली." मी त्यांच्या कानामागे राहिलेला साबण पुसला.

तुझी गाडी येईपर्यंत घरात थांबायचं ठरलं होतं. पण सकाळी दहापासून त्यांनी बूट घालून जीव खाल्ला, म्हणून पुढे निघालो. ट्रक वरच्या फाटकाशी उभा असेल, हीटर चालू असेल, ते आत बसलेले असतील, दार तुझ्या बाजूनं उघडं ठेवीन. चहा आहे. बैठक घासून, रंगवून कोपऱ्यात मांडली आहे, तिसरा स्क्रूही फिरतो आता.

करवत माझ्याजवळ आहे, पण मी ती पिशवीतून काढणार नाही. तू काढ. तुला मला जे बोलायचंय ते घरी आल्यावर बोल, हवं तेवढं, मी कुठे जात नाही. रानात नको, त्यांच्यासमोर नको.

आणि एक कर. आज हवा स्वच्छ आहे, ऊन आहे, डॉक्टरीण बोलली त्याला सव्वा महिना होऊन गेलाय. त्यांना घसरगाडीवर घालून सगळ्या उतारावरून फिरव. याला पाठीत बाक आहे म्हण, त्याला टक्कल आहे म्हण, आईसारखं काहीही म्हण.

पहिल्याच झाडाला हो म्हणू नकोस.

लिओना